आभाळातून उतरलेले तीन शब्द आणि तामलवाडीची वाट

सोलापूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला वाटेत तामलवाडी लागते. आज तिथे टोलनाका आहे. 1948 पर्यंत मात्र याच टापूत एक राज्य संपे आणि दुसरे सुरू होई. अलीकडे मुंबई प्रांतातला सोलापूर जिल्हा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. काही कोसांच्या अंतरात चलन बदले आणि कारभाराची भाषा उर्दू होई.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने या संस्थानात शिरले. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांची असफजाही राजवट आडवी झाली. या घटनेला म्हणायचे काय? इंग्रजीत अशा उलथापालथीसाठी एक मोठा शब्द आहे, ‘रेव्होल्यूशन’. तो इथे लागू पडतो का, हे पाहण्याआधी त्या शब्दाची कुळकथा ऐकावी लागेल. ती राजवाड्यात सुरू होत नाही, आभाळात सुरू होते.

लॅटिनमध्ये ‘रेव्होल्व्हेरे’ म्हणजे मागे फिरवणे, पुन्हा गुंडाळणे. रोमन ग्रंथ गुंडाळीच्या रूपात असत. वाचलेला मजकूर पुन्हा पाहायचा तर गुंडाळी उलट फिरवावी लागे, आणि त्या कृतीलाही हेच क्रियापद होते. मनात एखादी गोष्ट घोळवणे हाही त्याचा एक अर्थ. पुढे हा शब्द ज्योतिर्विदांनी उचलला. 1543 साली छापल्या गेलेल्या कोपर्निकसच्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. तिथे त्याचा अर्थ आकाशस्थ गोलांचे ठरल्या मार्गाने फिरणे, फिरून पूर्वस्थानी येणे.

इथे थोडे थांबा. ‘पूर्वस्थानी येणे’! म्हणजे आपण आज ज्या अर्थाने हा शब्द वापरतो, त्याच्या अगदी उलट. इंग्लंडात 1649 साली राजाचा शिरच्छेद झाला आणि 1660 साली त्याचा मुलगा गादीवर परतला. तेव्हाचे काही इंग्रज लेखक ‘रेव्होल्यूशन’ म्हणतात ते या परतण्याला, शिरच्छेदाला नव्हे. चाक फिरले आणि मूळ जागी आले, एवढाच भाव.

चाक पुढेच जाऊ लागले ते फ्रान्समध्ये. बास्तीय पडल्याची वार्ता सोळाव्या लुईला ला रोशफुको-लियांकूर या सरदाराने सांगितली. राजाने विचारले, हे बंड आहे का? सरदार उत्तरला, बंड नव्हे, रेव्होल्यूशन. ही आख्यायिका खरी असो वा मागाहून रचलेली, तिच्यातला भेद मार्मिक आहे. बंड मोडता येते, ग्रहाची गती कोण अडवणार?

आता आपल्या घरात येऊ. ‘क्रांती’ हा शब्द ‘क्रम्’ या धातूपासून आला. अर्थ पाऊल टाकणे, ओलांडणे. त्यात उलटणे नाही, पालटणे नाही. आपल्या ज्योतिषात क्रांती म्हणजे ग्रहाचे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर. सूर्याचा भासमान मार्ग तो क्रांतिवृत्त. त्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकले की संक्रांती. तिळगुळाची मकरसंक्रांत आणि फ्रेंच राज्यक्रांती या दोघी एकाच घरच्या लेकी आहेत. (बोलीने यात आपली भर घातलीच आहे: कुणावर ‘संक्रांत आली’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.)

तिसरा शब्द निजामाच्या मुलखात अधिक ओळखीचा, ‘इन्किलाब’. मूळ अरबी धातूचा अर्थच उलटणे, फिरवणे. हृदयाला ‘कल्ब’ म्हणतात तोही याच धातूचा शब्द. आणि गंमत अशी की अरबी खगोलशास्त्रात ‘इन्किलाब’ म्हणजे अयनान्त, सूर्य जिथून परत फिरतो तो बिंदू. हसरत मोहानींनी 1921 मध्ये दिलेली आणि भगतसिंगांनी घरोघर पोहोचवलेली घोषणा या शब्दावर उभी आहे. आजच्या अरबीत मात्र ‘इन्किलाब’ म्हटले की लष्करी सत्तापालट समजतात. शब्द एकच, एका भाषेत तो लोकांचा, दुसरीत छावणीचा.

तीन भाषा आणि तिन्हींची नजर वर. मला यात एक अडचण दिसते. आभाळातल्या फिरण्याला कर्ता नसतो. सूर्य कुणी ढकलत नाही. जमिनीवरच्या उलथण्याला मात्र उलथणारा हात असतो आणि तव्यावर उलथली जाणारी भाकरीही असते. आपल्या जुन्या बोलीला हे ठाऊक होते. स्वयंपाकघरातल्या साधनाचे नावच तिने ‘उलथणे’ ठेवले. राज्य ‘उलथून टाकले’ म्हटले की ‘कुणी?’ हा प्रश्न आपोआप येतो. ‘क्रांती झाली’ म्हटले की तो विरघळतो. 1857 च्या प्रसंगाला गोडसे भटजींच्या प्रवासवर्णनाच्या नावात ‘बंड’ म्हटले आहे, तर सावरकरांनी 1909 च्या ग्रंथात ‘स्वातंत्र्यसमर’. घटना तीच, हात कुणाचा आणि न्याय कुणाच्या बाजूला याचा निवाडा शब्दाने केला.

आता पुन्हा 1948. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल भारतीय सैन्याने शाबूत ताब्यात घेतला. मोहिमेत रणगाडे होते, विमाने होती. 17 सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल इद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण आला. सरकारने या सगळ्याला नाव दिले ‘पोलीस ॲक्शन’. त्यात फिरणे नाही, ओलांडणे नाही, उलटणे नाही. कारण उघड आहे. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली होती. युद्ध म्हटले तर दोन राष्ट्रे मानावी लागतात. पोलिसी कारवाई घरातल्या घरात होते.

मग उलटले काय? सिंहासन पुरते उलटले नाही. मीर उस्मान अली खान 1950 ते 1956 त्याच राज्याचे राजप्रमुख होते. खालची जमीन मात्र हलली. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. माझ्या मते रेव्होल्यूशन हे नाव शोभते ते या रूक्ष कायद्यांना, रणगाड्यांना नव्हे. आणि त्याहीआधी, 1938 पासून स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी तुरुंग भरले होते, सोलापूर-बार्शीच्या सीमेवर छावण्या घातल्या होत्या. ‘पोलीस ॲक्शन’ या शब्दात त्यांना जागाच नाही.

आणखी कुणाला जागा नाही? रझाकारांच्या जाळपोळीने आणि लुटीने घरे सोडून सीमेपार गेलेल्यांना. तसेच सप्टेंबरनंतर सूडाच्या लाटेत मारल्या गेलेल्या मुसलमानांना, ज्यांतल्या बहुतेकांचा रझाकारीशी संबंध नव्हता. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. साऱ्या संस्थानातल्या मृतांचा तिचा सावध अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. भाकरी उलटताना बोटे भाजली ती कुणाची, हे विचारल्याशिवाय या इतिहासाचे पान उलटू नये.

17 सप्टेंबरचे नाव आजही ठरलेले नाही. महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’, कर्नाटकात 2019 पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव दिन’. तेलंगणात 2022 साली केंद्र सरकारने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा केला, तर राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’, एकाच शहरात, एकाच सकाळी. निजामाच्या नावाने उस्मानाबाद झालेला जिल्हा 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झाला. कोपर्निकसच्या काळातला अर्थ घ्यायचा तर रेव्होल्यूशन याला म्हणावे लागेल! तामलवाडीच्या पलीकडची म्हातारी माणसे मात्र जन्मसाल सांगताना यातले एकही नाव घेत नाहीत. ती म्हणतात, ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली.’