सूतगिरणीतला फडका

आपल्या शहरातल्या गारखेड्याच्या सूतगिरणी चौकात गिरणीचा भोंगा ऐकलेली माणसं आता थोडीच उरलीत. आमचे आबा त्यांतले एक. ते सांगत, ‘‘कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे. त्यात कापसाचे तंतू उडत. तोंडाला फडका बांधल्याशिवाय पाळी निघायचीच नाही.’’ सुट्टीनंतर कामावर गेलं, की छाती भरून येई. डॉक्टरी भाषेत हा बिसिनोसिस. पण फडक्याखालच्या कातडीबद्दल कोणी विचारत नसे. हनुवटीवर, नाकाच्या कडेला पुरळ उठायचं, गाठ आवळली की कानामागे सोलवटायचं.

उपाय आजीने शोधला. जुन्या धोतराचे मऊ फडके ती फाडून ठेवी. एक तोंडावर, एक खिशात, एक वलणीवर. जेवणाच्या सुट्टीत ओला फडका बदलायचा, तोंड साध्या पाण्याने धुवायचं. फडका धुताना ती दोनदा खळबळायची. साबण राहिला तर तोंडाची आग होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घर्षण, दाब आणि कोंडलेला घाम यांनी उठणाऱ्या मुरुमांना 1975 साली अमेरिकेतल्या मिल्स आणि क्लिगमन यांनी ‘अ‍ॅक्ने मेकॅनिका’ म्हटलं. 2003च्या सार्सच्या साथीनंतर सिंगापुरात एन-95 मास्क वापरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी मुरुम, खाज किंवा चट्टे सांगितले. आजीचं निरीक्षण या माहितीच्या तोडीचं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मार्च 2020मध्ये आपल्या शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि फडका घराघरांत आला. माझी मावसबहीण तेव्हा कोविड वॉर्डात नर्स होती. ड्युटी संपली, की नाकाच्या दांड्यावर लाल वळ आणि गालभर पुरळ. कोणीतरी सुचवलेली ट्यूब तिने दुकानातून आणली. दोन दिवसांत चेहरा नितळ झाला, म्हणून ती लावतच राहिली. त्यात स्टेरॉइड होतं. बंद केलं की चेहरा लालभडक व्हायचा, उन्हात जळायचा. अशी बरीच मलमं 2018मध्येच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली होती, तरी ती सहज मिळत. त्वचारोगतज्ज्ञांनी तिची ट्यूब सोडवली, पण कातडी पूर्ववत व्हायला महिने गेले. आपल्या सावळ्या वर्णाला पुरळाचे काळे डागही उशिरा सोडतात.

मास्कवर मात्र तिने कधी राग धरला नाही. आता ती धाकट्या नर्सना सांगते, ड्युटीच्या आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, मेकअप नको, ओला झालेला मास्क लगेच बदला. स्कूटीवर तोंडभर स्टोल गुंडाळून क्रीडा संकुलावरून जाणाऱ्या भाचीलाही तिने बजावलंय, ‘‘स्टोल रोज धू, आणि मला विचारल्याशिवाय कुठलीही ट्यूब लावू नकोस.’’