काशीयात्रेत एका फोनचे इंटरनेट अनेकांना : मोबाईल हॉटस्पॉटचा वापर आणि त्याच्या मर्यादा

वाराणसी : महानगरी किंवा कामायनी एक्स्प्रेसने काशीला निघालेल्या मराठी कुटुंबात फोन पाच-सहा असले, तरी इंटरनेटचा पॅक सर्वांच्याच फोनमध्ये असतो असे नाही. घरातील ज्येष्ठांना बोलण्यापुरता रिचार्ज पुरेसा वाटतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून केवळ कॉल आणि लघुसंदेशांचे स्वतंत्र पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, त्यामुळे असा रिचार्ज आता रीतसर उपलब्धही आहे. या फोनना, तसेच सिमकार्ड नसलेल्या टॅबलेट वा लॅपटॉपला, प्रवासात इंटरनेट पुरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका स्मार्टफोनचा हॉटस्पॉट.

हॉटस्पॉट सुरू केल्यावर फोन दोन कामे एकाच वेळी करू लागतो. एकीकडे तो टॉवरकडून चार-जी किंवा पाच-जी जाळ्यावरून इंटरनेट घेतो आणि दुसरीकडे स्वतःभोवती लहानसे वाय-फाय क्षेत्र निर्माण करून तेच इंटरनेट जवळच्या उपकरणांना वाटतो. अँड्रॉईड प्रणालीत ही सोय २०१० मध्ये आली, तर आयफोनमध्ये ती २०११ पासून सर्वत्र मिळू लागली. अँड्रॉईड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट आणि टिथरिंग’ किंवा त्याच्याशी मिळतेजुळते शीर्षक असते; आयफोनमध्ये ‘पर्सनल हॉटस्पॉट’ या नावाने ती सापडते. तेथे नाव आणि पासवर्ड ठरवून बटण सुरू केले की इतर उपकरणांच्या वाय-फाय यादीत ते नाव दिसू लागते. आयफोनचे नाव यादीत दिसत नसेल, तर हॉटस्पॉटचा पडदा उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. फोनमध्ये दोन सिमकार्डे असल्यास हॉटस्पॉटला इंटरनेट त्याच सिमचे मिळते, जे डेटासाठी निवडलेले आहे.

वाराणसी हे शहर मोबाईल जाळ्याच्या दृष्टीने मागे नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाच-जी सेवेचा प्रारंभ झाला, तेव्हा एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत वाराणसीचा समावेश होता; त्याच आठवड्यात दसऱ्याला जिओने चार शहरांत सुरू केलेल्या चाचणीतही ते होते. दशाश्वमेध घाटावर २०१५ मध्येच बीएसएनएलने सार्वजनिक वाय-फाय सुरू केले होते. तरीही यात्रेकरूला अडचण येते, आणि तिचे कारण शहराच्या बांधणीत आहे. पंचगंगा, ब्रह्मा आणि दुर्गा घाटांच्या वरच्या अंगाला, जेथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे, तेथील गल्ल्या अरुंद, घरे उंच आणि भिंती दगडाच्या किंवा जाड विटांच्या आहेत. घाटावर उत्तम चालणारे इंटरनेट वळण घेऊन गल्लीत शिरताच रेंगाळू लागते.

येथे टॉवर ते फोन आणि फोन ते इतर उपकरणे या दोन दुव्यांपैकी कोणता क्षीण आहे, हे आधी पाहावे. मूळ फोनवरच पान उघडत नसेल, तर दोष टॉवरकडून येणाऱ्या संकेतांत आहे. हॉटस्पॉट कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग होत नाही. तो फोन खिडकीत, सज्जात किंवा गच्चीच्या जिन्यात ठेवून पाहावा. वाय-फायचा दुवा खोलीभर पुरतो, त्यामुळे माणसांनी फोनजवळ राहण्यापेक्षा फोनने खिडकीजवळ राहणे श्रेयस्कर. याउलट मूळ फोनवर सर्व सुरळीत असून शेजारच्या खोलीत इंटरनेट पोहोचत नसेल, तर वाय-फायचा पट्टा तपासावा. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपुढे लवकर हार मानतो, २.४ गिगाहर्ट्झचा मंद, परंतु भिंत अधिक चांगली ओलांडतो. जुनी उपकरणे तर पहिला पट्टा ओळखतही नाहीत. आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाईझ कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडल्यास दुसरा पट्टा वापरला जातो.

देवदिवाळी किंवा महाशिवरात्रीच्या गर्दीत मात्र दोन्ही उपाय निष्प्रभ ठरू शकतात. टॉवरची क्षमता तेथील हजारो फोनमध्ये वाटली जाते आणि हॉटस्पॉट त्यात भर घालत नाही. तो फक्त आपल्या वाट्याचे आणखी तुकडे करतो.

खर्चाचा हिशेब अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. दररोज दीड किंवा दोन जीबी देणाऱ्या पॅकमध्ये यूपीआय व्यवहार, संदेश आणि नकाशा यांचा भार नगण्य असतो. मात्र उच्च दर्जाचे चलचित्र तासाला तीन जीबीपर्यंत डेटा घेऊ शकते. लॅपटॉपचे वर्तन तर आणखी फसवे : हॉटस्पॉट हे घरचेच वाय-फाय आहे असे समजून तो प्रणालीची अद्ययावत आवृत्ती उतरवू लागतो आणि छायाचित्रे साठवणुकीसाठी पाठवू लागतो. विंडोजमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी. आयफोन व आयपॅडवर ‘लो डेटा मोड’ सुरू करावा. अमर्याद पाच-जीच्या पॅकवरही निर्धास्त राहू नये. गल्लीत फोन चार-जीवर उतरला की दैनंदिन मर्यादेतील डेटा खर्च होऊ लागतो आणि ती संपल्यावर वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसपर्यंत घसरतो. त्या वेगाने तिकिटाचे पानही धड उघडत नाही.

बॅटरीही झपाट्याने उतरते, फोन तापतो. लॅपटॉपसाठी केबलने जोडणी केल्यास ती वाय-फायपेक्षा स्थिर असते आणि फोन त्याच वेळी चार्जही होतो. ब्लूटूथद्वारे इंटरनेट देण्याने ऊर्जा कमी लागते. वेग अल्प असला तरी संदेशांपुरता तो पुरतो.

सुरक्षेच्या बाबतीत पासवर्ड न ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. धर्मशाळेत, स्थानकावर किंवा नावेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने तिकीट दाखवण्यासाठी क्षणभर इंटरनेट मागितले, तर नाही म्हणणे जड जाते. परंतु त्याच्या फोनवरून जे काही केले जाईल, ते आपल्या जोडणीवरून झालेले असेल. सिमकार्ड आपल्या नावावर असते आणि तपास यंत्रणा कंपनीच्या नोंदींवरून प्रथम त्या नावापर्यंत पोहोचतात. मदत करायचीच असेल तर त्याचे काम आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्यावे आणि लगेच पासवर्ड बदलावा, कारण एकदा जोडलेला फोन तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी न विचारता जोडला जातो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा. हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचे नाव वा फोन क्रमांक नसावा; आयफोन मुळातच मालकाचे नाव दाखवतो, ते बदलता येते. उलट दिशेनेही तितकीच सावधगिरी हवी. स्थानकाचे किंवा मंदिराचे नाव धारण केलेला, पासवर्डविना खुला असलेला हॉटस्पॉट कोणीही उघडू शकतो. अशा जोडणीवरून बँकेचे व्यवहार करू नयेत आणि फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विलंब न लावता कळवावे.

यात्रेत अधिक गंभीर अडचण वेगळीच असते. उघड्यावर हॉटस्पॉटचा पल्ला काही दहा मीटरांचा आणि गर्दीत त्याहून कमी. ज्याच्या फोनवर सर्वांचे इंटरनेट अवलंबून आहे तो माणूस दशाश्वमेधच्या सायंआरतीत चार पायऱ्या पुढे सरकला आणि गर्दी मध्ये आली, की उरलेल्यांचे व्हॉट्सॲप, नकाशा आणि यूपीआय एकाच क्षणी बंद पडतात. काशी विश्वनाथ मंदिरात तर मोबाईल नेण्यास मनाई आहे. फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागतात. रांगेत मंडळी पुढेमागे झाली तर बाहेर आल्यावर एकमेकांना गाठण्याचे साधन कोणाच्याच हातात नसते. म्हणून दर्शनाला जाण्यापूर्वीच भेटण्याची जागा ठरवावी, तीही ‘प्रवेशद्वारापाशी’ अशी मोघम नव्हे, कारण प्रवेशद्वारे अनेक आहेत. ज्येष्ठांच्या पिशवीत दोन फोन क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून द्यावा. साधा कॉल इंटरनेटविना लागतो. केवळ व्हॉट्सॲपवरून बोलण्याची सवय झालेल्यांना हे आवर्जून सांगावे लागते.

याशिवाय डेटा असलेले फोन किमान दोन असावेत, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि ते एकाच माणसाकडे नसावेत. परतीचे तिकीट प्रत्येकाच्या फोनमध्ये चित्ररूपात साठवावे, शहराचा नकाशा मुक्कामी असतानाच उतरवून घ्यावा आणि थोडी रोख रक्कम प्रत्येकाजवळ असावी. रेल्वे स्थानकावर रेलटेलच्या वाय-फायचा पहिला अर्धा तास विनामूल्य असतो. त्यासाठी फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो, तो बोलण्यापुरता रिचार्ज केलेल्या फोनवरही येतो.