अमेरिकेंतील एकट्याची चूल

राष्ट्राचा इतिहास लढाया, तह आणि निवडणुका यांत शोधण्याची रीत जुनी आहे. परंतु माणसें कोणत्या वयांत लग्न करतात व कोणाबरोबर राहतात, ह्या साध्या गोष्टींतहि मोठा इतिहास दडलेला असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो वाचण्याचें उत्तम साधन म्हणजे १७९० पासून दर दहा वर्षांनीं होत आलेली खानेसुमारी.

तेथील पूर्वज लवकर संसारास लागत आणि नवी पिढी मात्र चालढकल करते, असा एक सार्वत्रिक समज आहे. आंकडे निराळेंच सांगतात. प्रथम विवाहाचें मध्यम वय, म्हणजे ज्याच्या आधीं निम्म्यांचीं व नंतर निम्म्यांचीं लग्नें होतात तें वय, १८९० सालीं पुरुषांचें २६.१ व स्त्रियांचें २२ वर्षें होतें. घर थाटण्यापुरती जमीन किंवा मजुरी हातीं येईपर्यंत तरुणास थांबावें लागे. १९५६ सालीं हेंच वय २२.५ व २०.१ इतकें खालीं आलें. दुसरें महायुद्ध संपलें होतें, काम मुबलक होतें, आणि १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांस शिक्षणासाठीं द्रव्य व घरासाठीं कर्जाची हमी मिळाली होती. १९४६ ते १९६४ ह्या काळांत साडेसात कोटींहून अधिक बालकें जन्मास आलीं. ज्या कुटुंबास लोक सनातन समजतात, तें वस्तुतः एका पिढीपुरतें अपवादात्मक होतें.

पुढें वारें फिरलें. १९६० सालीं संततिनियमनाच्या गोळीस सरकारी मान्यता मिळाली. स्त्रिया विद्यापीठांत व कचेऱ्यांत मोठ्या संख्येनें आल्या. १९७० पासून कॅलिफोर्नियांत दोष सिद्ध न करतां घटस्फोट मिळूं लागला, व इतर संस्थानांनींहि तोच मार्ग धरला. २०२३ सालीं विवाहाचें मध्यम वय ३०.२ व २८.४ वर पोहोंचलें होतें.

मग ह्यांत नवें तें काय? उशिरां लग्न हें सर्वस्वीं नवें नव्हे. नवी आहे ती एकट्याची चूल. १८९० च्या सुमाराचा अविवाहित मनुष्य आईबापांच्या शेतावर, मालकाच्या घरीं, किंवा पैसे देऊन एखाद्या कुटुंबांत राही व जेवी. १९४० सालीं शंभर घरांत एकट्या माणसाचीं घरें सुमारें आठ होतीं. २०२० सालीं तीं सुमारें अठ्ठावीस झालीं. ह्या वाढींत वृद्धांचाहि मोठा वांटा आहे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यान्वयें १९४० पासून म्हाताऱ्यांस दरमहा वेतन सुरू झालें, आणि मुलाच्या वा जांवयाच्या दारीं जाण्याची लाचारी अनेक विधवांची टळली.

ह्या स्वातंत्र्यास हंसणें योग्य नव्हे. पुष्कळांनीं तें आनंदानें पत्करलें आहे. तथापि २०२३ सालीं त्या राष्ट्राचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ति यांनीं एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा जाहीर इशारा दिला. पूर्वीं दारिद्र्यामुळें माणसास सोबत आपोआप मिळे, मग ती आवडो वा न आवडो. पैसा आला तशी ती गरज सरली. आजारांत पाण्याचा पेला पुढें करणारा शेजारी व म्हातारपणीं विचारपूस करणारें मनुष्य आतां आपोआप मिळत नाहीं; ती व्यवस्था समाजास जाणूनबुजून उभारावी लागते. अमेरिकेच्या खानेसुमारीचे आंकडे हेंच सांगत आहेत.