परक्या ताटापुढचा नकार

महात्मा गांधींच्या आत्मकथेतील मांसाहाराविषयीची प्रकरणे आपल्याकडे बहुधा शाळकरी वयातच वाचून संपतात. पोटात जिवंत बकरी ओरडते आहे असे वाटून तळमळत काढलेली रात्र, आईला दिलेले वचन, आणि लंडनमध्ये ते पाळणारा लाजाळू विद्यार्थी, एवढी चित्रे मनात राहतात. पुढे साहित्याचे अभ्यासक म्हणून तोच ग्रंथ पुन्हा हाती घेतला, की चर्चा सत्याची होते, ब्रह्मचर्याची होते, कबुलीजबाब या वाङ्मयप्रकाराची होते. जेवणाची क्वचितच होते. ही पाने सलग वाचताना मात्र असे जाणवले, की त्यांत शाकाहाराच्या तत्त्वाइतकाच घरांचाही इतिहास आहे. कोणाच्या घरात, कोणाच्या चुलीवर शिजलेल्या अन्नापुढे बसून हा माणूस 'नको' म्हणाला, आणि त्या 'नको'चा भार प्रत्येक वेळी कोणी उचलला, हे त्यांत नोंदलेले आहे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. काटे-चमचे वापरायची सवय नव्हती आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर नव्हता. म्हणून त्यांनी जेवणघर टाळले आणि बरोबर आणलेल्या मिठाईवर व फळांवर केबिनमध्येच दिवस काढले. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हा उपाय परिचित असेल. विचारायचे नाही, सांगायचे नाही, बाजूला बसून आपला डबा उघडायचा.

लंडनला पोचल्यावर काही दिवसांतच ते रिचमंड येथे एका मित्राकडे राहायला गेले. आत्मकथेत या मित्राचे नाव नाही. चरित्रकार त्यांना दलपतराम शुक्ल म्हणून ओळखतात. सकाळी ओटची लापशी मिळे, तिच्यावर भागत असे. पण दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा एवढेच. मित्र रोज समजावत असे. एके दिवशी त्याने बेंथमचा उपयुक्ततावादावरचा ग्रंथ काढून वाचायलाच सुरुवात केली. यावर गांधींनी दिलेले उत्तर वादविवादाच्या दृष्टीने फार दुबळे आहे. हे गहन विचार आपल्याला समजत नाहीत, मांस खाणे आवश्यक आहे हेही आपल्याला मान्य आहे, पण वचन मोडता येत नाही, एवढेच ते म्हणाले. या काळात ते मनाने शाकाहारी नव्हतेच. सर्व हिंदी लोकांनी मांस खावे आणि आपणही एक दिवस उघडपणे खावे, अशी त्यांची इच्छा होती. प्रतिपक्षाचे सगळे म्हणणे मान्य करून तरीही न जेवणारा माणूस घरात असणे किती अवघड! त्या मित्राचा त्रागा मला तरी अगदी स्वाभाविक वाटतो. त्याला डोळ्यांसमोर एक मुलगा उपाशी राहताना दिसत होता.

तिथून ते वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी राहायला गेले. या घराचे वर्णन जेमतेम एका परिच्छेदाचे आहे, पण संपूर्ण आत्मकथेतील अत्यंत हळुवार भागांपैकी तो एक आहे. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नसत. काय करून वाढावे हे घरमालकिणीला कळत नव्हते, आणि आणखी मागण्याची पाहुण्याला लाज वाटत होती. तिच्या दोन मुली आग्रहाने पावाचा आणखी एखादा तुकडा वाढत. अख्खा पाव संपवला असता तरच पोट भरले असते, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? या प्रसंगात दोष कोणाचाच नाही. आपण जे खात नाही ते दुसऱ्या कोणाला तरी ठरवून, वेळ काढून, वेगळे शिजवावे लागते. आणि शिजवणारीला त्या स्वयंपाकाची रीतच ठाऊक नसेल तर तिचा सद्भाव आणि आपली भूक एकमेकांकडे नुसते पाहत राहतात. मराठीत आपण पाहुण्याला 'तुम्हाला चालतं ना?' असे विचारतो. काय चालते, हे त्या प्रश्नात कधीच नसते. वेस्ट केन्सिंग्टनच्या त्या बाईंजवळ असा अर्धा प्रश्नसुद्धा नव्हता.

रोज दहा-बारा मैलांची पायपीट करत असता एके दिवशी फॅरिंगडन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. दारातल्या काचेमागे हेन्री सॉल्टचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक विकायला ठेवलेले होते. ते एक शिलिंगाला विकत घेऊन ते आत जेवायला गेले. विलायतेत आल्यानंतरचे ते पहिले पोटभर जेवण. पुस्तकही त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचले, आणि तेव्हापासून आपण स्वेच्छेने शाकाहारी झालो असे ते सांगतात. वचनाचे रूपांतर मतात झाले.

पण गंमत अशी, की मत बनल्यावर मित्राशी असलेली अडचण वाढली. वचनाला कीव तरी मिळते. मताला विक्षिप्तपणा म्हणतात. त्याच मित्राने त्यांना नाटकाला नेण्याआधी हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेले. इतक्या भारदस्त जागी हा प्रश्न विचारणार नाही, असा त्याचा होरा होता. पहिलेच सूप आले आणि गांधींनी ते कशाचे आहे हे विचारण्यासाठी वाढप्याला बोलावले. सभ्य मंडळीत वागता येत नसेल तर बाहेर जाऊन जेव, असे मित्राने संतापून सुनावले. ते बाहेर गेले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद झालेले होते. त्या रात्री उपाशीपोटी नाटक पाहिले. मैत्रीत मात्र अंतर पडले नाही. उलट मित्राला बरे वाटावे म्हणून आपल्या शाकाहाराची भरपाई करण्याचे त्यांनी ठरवले! बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, नाचाच्या शिकवणीला तीन पौंड भरले, आणखी तीन पौंडांना व्हायोलिन घेतले. हा खटाटोप सुमारे तीन महिने टिकला. आपल्याकडे हा भाग 'विलायती मोहाचा' नमुना म्हणून शिकवला जातो. लेखक स्वतः त्याचे कारण वेगळे देतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. ताटातली एक गोष्ट नाकारल्याबद्दल बाकी सर्व बाबतींत 'सभ्य' होऊन दाखवणे, ही जुळवाजुळव सोबत राहणाऱ्यांत नेहमीच चालू असते.

अंड्यांचा प्रश्नही याच काळातला. मांस म्हणजे काय, याच्या तीन व्याख्या त्यांना विलायतेत भेटल्या. त्यांतल्या काहींप्रमाणे अंडे चालत होते आणि काही दिवस त्यांनी ते खाल्लेही. मग विचार असा झाला, की वचन आईने घेतले होते, तेव्हा शब्दाचा अर्थही आईचाच धरला पाहिजे. पुडिंग आणि केकसुद्धा विचारून घेणे आले. अर्थनिर्णय हा ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे, त्यांनी या निवाड्यापाशी जरा थांबावे. संहितेचा अर्थ ती उच्चारणाऱ्याचा नव्हे, ती स्वीकारणाऱ्याचा, आणि तोही हजारो मैलांवर राहणाऱ्या पुतळीबाईंचा.

गांधी विलायतेत पोचण्याच्या पाच वर्षे आधी, १८८३ साली, पंडिता रमाबाई तिथे गेल्या होत्या. वॉण्टेजच्या ख्रिस्ती भगिनीसंघात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण आहार बदलला नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध झाला. शाकाहार न सोडणे हा जातीचा अभिमान आणि पूर्वग्रह आहे, असा ठपका रमाबाईंवर येतो. जातीचे सगळे संस्कार आपल्यातून गेले आहेत असा दावा त्या करत नाहीत. उलट एक सरळ प्रश्न विचारतात: एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि कोणाला न दुखवणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला रुचेल काय?

गांधींचा नकार लंडनमध्ये फार तर विक्षिप्त ठरला. रमाबाईंचा नकार अवज्ञा ठरला. गांधी पैसे मोजून राहत होते आणि न पटल्यास दुसरीकडे बिऱ्हाड करू शकत होते. रमाबाई लहान मुलीसह ज्या आश्रयाला होत्या, तिथली चूल, प्रार्थना आणि भाकरी एकाच हाती होती. जेराल्डीनबाईंच्या आरोपात तथ्यांश नव्हता असेही म्हणता येणार नाही. ब्राह्मण घरातल्या शाकाहाराला सोवळ्याचा वास असतोच, आणि रमाबाईंना तो ठाऊक होता. पण तो ओळखून टाकायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांना स्वतःकडे हवा होता. त्या पत्रांतला खरा झगडा या हक्कासाठी आहे. ताट हे निमित्त.

दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर गांधींच्या बाबतीत बाजू हळूहळू पालटते. नाताळमध्ये एका युरोपीय कुटुंबाकडे ते दर रविवारी जेवायला जात. घरात पाच वर्षांचा मुलगा होता. आपल्या ताटातल्या सफरचंदाचे कौतुक आणि मुलाच्या ताटातल्या मांसाची थट्टा, असा त्यांचा खेळ चाले. मुलगा मांस नको म्हणू लागला. शेवटी आईने स्पष्ट सांगितले, की तुमच्या सहवासाने माझा मुलगा बिघडतो आहे. गांधी म्हणाले, मी बोलणे बंद केले तरी मी काय खातो आणि काय खात नाही हे त्याला दिसणारच. तेव्हा माझे येणेच थांबवणे बरे. बाईंनी आभार मानले, आणि त्यांची सुटका झाल्याचे दिसत होते, हेही गांधी लपवत नाहीत. पाहुण्याने यजमानाच्या घरातून इतक्या शहाणपणाने पाय काढून घेतल्याचे उदाहरण विरळा.

स्वतःच्या घरात हे शहाणपण इतके सोपे राहिले नाही. १९०२ साली मुंबईत मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. वडिलांनी जेमतेम दहा वर्षांच्या मुलाला विचारले आणि त्याने नको म्हटले. मुलगा वाचला. पण बापासमोरच्या त्या संमतीला संमती म्हणावे का, हा प्रश्न आत्मकथा वाचताना दर वेळी अडखळायला लावतो.

१९१० साली हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना दिली आणि टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी असे सगळे एकत्र राहणार होते. मांसाहाराचे काय करायचे? आपल्या खेड्यांत घरातला एकच माणूस माळकरी असला, तर त्याचे भांडे वेगळे ठेवले जाते, कधी चूलही वेगळी मांडतात. फार्मवर असे किती स्वयंपाक वेगळे करणार? येरवड्याच्या तुरुंगात लिहायला घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात गांधींनी ही उलघाल मोकळेपणाने मांडली आहे. जन्मापासून मांस खाणाऱ्यांना, तेही घरची माणसे तुरुंगात असताना, ते सोडा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? कोणी गोमांस मागितले असते तर तेही पुरवणे आपले कर्तव्य ठरले असते, असे ते लिहितात. आणि हे १९२०च्या दशकात, 'नवजीवन'च्या गुजराती वाचकांसमोर. त्यांनी तिथल्या स्त्रियांपुढे ही अडचण ठेवली. त्यांनी एकच शाकाहारी स्वयंपाकघर मान्य केले आणि ते चालवलेही.

पुढे रमजान आला. मुसलमान मुलांनी रोजे धरले, आणि त्यांना सोबत म्हणून इतरांनीही दिवसभर न खाता संध्याकाळी एकदाच जेवायचे ठरवले. हिंदू मुले त्या मुलांसाठी शाकाहारी गोडाधोडाचे काही करून ठेवत. या मुलांना त्या महिन्यात मांसाची आठवण झालीच असणार, पण त्यांतल्या एकानेही ते आपल्याला कधी कळू दिले नाही, असे गांधींनी कृतज्ञतेने नोंदवून ठेवले आहे.