तेलझिलई (लाकडाची)

तेलझिलई : लाकडाचा मूळ रंग आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यात सुकणारे तेल जिरवून केलेली झिलई. व्हार्निशासारखा पापुद्रा येथे वर बसत नाही. तेल छिद्रांत शिरते आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन तेथेच घट्ट होते. कोरड्या लाकडाच्या छिद्रांतील हवेमुळे प्रकाश विखुरतो, त्यामुळे रंग फिका भासतो. हवेची जागा तेलाने घेतली की रंग गडद होतो, रेषा ठळक होतात.

सगळी तेले सुकत नाहीत, हे निवडताना आधी ध्यानात घ्यावे. सुकण्याच्या गुणाचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो; ते जितके जास्त, तितके तेल चांगले सुकते : जवस सुमारे 170 ते 200, करडई 140 ते 150, शेंगदाणा 100 च्या आसपास. घरात हाताशी असलेले शेंगतेल किंवा खोबरेल लावलेले लाकूड महिनोन्महिने चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे कुबट वास मारू लागते. मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्याला सुकणारे तेल उसने आणावे लागत नाही; जवस आणि करडई ही दोन्ही तिथली जुनी रब्बी पिके. सोयाबीनने त्यांची राने व्यापली, हे खेदाने नोंदवावे लागते.

कच्चे जवसतेल सुकायला आठवडे लागतात. बाजारातले उकळलेले तेल, म्हणजे बेलतेल, एकदोन दिवसांत सुकते. मात्र त्यात कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार घातलेले असू शकतात. काठवट, पोळपाट, लाटणे यांना ते लावू नये; त्यांना खाण्यासाठी घाण्यावर काढलेले कच्चे जवसतेल लावून पुरते वाळू द्यावे.

बाभळीच्या तांबूस गाभ्याला जवसच शोभते; त्याची पिवळसर झाक त्या रंगात मिसळून जाते. शिवण, हळदू अशा फिक्या लाकडावर मात्र जवस कालांतराने पिवळे पडते, तेथे करडई बरी. काही नव्या वाणांच्या करडईत ओलेइक आम्ल जास्त असते, ते तेल नीट सुकत नाही. सागात स्वतःचे तेल असते, म्हणून आधी टर्पेंटाइनचा बोळा फिरवावा.

रंग कसा उतरेल याचा अंदाज घेण्यासाठी रंधा मारलेल्या फळीवर ओले बोट ओढावे. पाणी वाळेपर्यंत जी छटा दिसते, साधारण तीच तेलाने कायम होते. तेल पातळ लावावे, पंधरावीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून काढावे आणि दुसरा हात पहिला सुकल्यावरच द्यावा. फळीचे आडवे कापलेले टोक जास्त तेल पिते, त्यामुळे तेथला रंग काळवंडतो. ते टोक आधीच बारीक काचकागदाने घासून घ्यावे. कोरड्या उन्हाळ्यात काम लवकर उरकते, पावसाळ्यात लांबते.

जवसतेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. सुकताना तेल उष्णता सोडते आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात.