अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा कशाने कापावा?



परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे गाव आहे. अशा गावच्या एखाद्या कारागिरापुढे पाण्याच्या टाकीसाठी अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा येऊन पडला, तर वेल्डिंग करण्यापूर्वी तो त्याने कशाने कापावा? प्रश्न किरकोळ भासतो. परंतु टाकी पुढे गळेल की टिकेल, याचा निकाल पुष्कळदा येथेच लागतो. आणि त्याचे उत्तर या धातूच्या इतिहासात दडलेले आहे.

अ‍ॅल्युमिनिअम हा धातू वयाने अगदी तरुण. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांस न कळत, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची रीत शोधली. पुढे बाराच वर्षांनी, १८९८ साली, मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडविण्याचा उद्योग आरंभिला. पातेले एकाच वाटोळ्या चकतीपासून घडविता येते. त्यास सांधा लागत नाही. अडचण उद्भवते ती सांध्याशी. आमचे तांबट टाकणखार घालून तांब्या-पितळेस बिनधोक डाख देत आले. पण अ‍ॅल्युमिनिअमवर हवेने क्षणार्धात जो प्राणिलाचा पापुद्रा चढतो, तो टाकणखाराला दाद देत नाही.

हाच पापुद्रा कापण्याच्या कामीही आडवा येतो. लोखंड तापवून त्यावर प्राणवायूचा झोत सोडला की ते जळते, आणि त्याचा मळ लोखंडाहून आधी वितळून वाहून जातो. अ‍ॅल्युमिनिअमची तऱ्हा उलटी. धातू ६६० अंशांवर वितळतो. पापुद्रा मात्र दोन हजारांहून अधिक अंशांपर्यंत तग धरतो. म्हणून लोहाराच्या परिचयाची ती गॅसची ज्योत येथे निरुपयोगी ठरते.

सांधण्याची वाट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोकळी झाली. १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप या विमानांच्या कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची कांडी व निष्क्रिय वायू यांच्या साह्याने वेल्डिंगची रीत सिद्ध केली. कापण्याचे कोडे सुटण्यास आणखी दीड दशक लागले. रॉबर्ट गेज यांच्या प्लाझ्मा ज्योतीस १९५७ साली पेटंट मिळाले, आणि ही ज्योत अ‍ॅल्युमिनिअम झपाट्याने कापू लागली. त्यामागून लेसर आला.

मग जुनी हत्यारे अडगळीत टाकावीत काय? मुळीच नाही. उष्णतेने कापलेल्या कडेवर पापुद्रा जाड होतो, आणि काही मिश्रधातूंत केसाएवढ्या सूक्ष्म भेगा पडतात. म्हणून अशा मिश्रधातूंची सुमारे तीन मिलिमीटर कड वेल्डिंगपूर्वी करवतीने अथवा रंध्याने काढून टाकण्याचा सल्ला जाणते देतात. यंत्राने वाचविलेला वेळ पुन्हा हातानेच फेडावयाचा! सहाणेचे चाकही जपून वापरावे. मऊ धातू चाकात भरून बसतो, आणि चाकाचे कण कडेत रुतून सांधा दूषित करतात.

तेव्हा आमच्या कारागिराने पातळ पत्र्यास धारदार कातर, व जाड पत्र्यास मोठ्या दात्यांची करवत वापरावी. बारीक दाते लगेच भरून येतात. कातरीने कडेवर दुमड अथवा ओरखडे राहिले तर ते कानशीने काढावेत. मग तेलाचा अंश प्रथम पुसून, त्यानंतरच केवळ अ‍ॅल्युमिनिअमसाठी राखलेला स्टेनलेस पोलादाचा ब्रश फिरवावा. हा क्रम उलटला तर ब्रश तेलच धातूत घासतो. साफ केलेली कड फार वेळ उघडी न ठेवता सांधून घ्यावी, हे सांगणे नकोच.

कापाची परीक्षा वेगावरून होत नाही. मागे राहिलेल्या कडेवरून होते. महागडे यंत्र दारी नाही म्हणून राणीसावरगावच्या कारागिराने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ज्या कामाला कातर व करवत पुरते, तेथे ती गरिबीची तडजोड नव्हे. तीच योग्य निवड होय.