कामठा ते कंपाउंड: शिकारी धनुष्याच्या ताणाचा इतिहास

शिकारीच्या धनुष्याची निवड मुख्यतः त्याच्या ताणावरून होते. दोरी मागे ओढताना जे बळ लावावे लागते तो ताण. आज तो पौंडांत मोजतात आणि तिरंदाज त्याला सरळ ‘पाउंडेज’ म्हणतात. जनावर किती थोराड आहे आणि ते किती अंतरावर मिळते, यावर तो ठरतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा या इतिहासाकडे पाहायला सोयीचा आहे, कारण कारखाने येण्यापूर्वी तो दोन तऱ्हेच्या शिकारभूमींच्या मधोमध होता. पूर्वेला शिरूर-बारामतीकडे काळवीट आणि चिंकाऱ्यांचे उघडे माळ, पश्चिमेला मावळ-भीमाशंकरची दाट झाडी.

या भागातल्या जुन्या वस्त्यांचा शोध डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी घेतला. चाकणवरून नाशिकच्या वाटेला लागले की पुढे घोड नदीकाठी चांडोली आहे. त्याच नदीवर शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. दोन्ही ताम्रपाषाणयुगीन गावे. इनामगावची वस्ती साधारण इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती इथे सापडली आणि पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर हरणांचीही हाडे मिळाली. धनुष्य मात्र हाती लागत नाही. बांबू, लाकूड, तात ही सगळी कुजणारी चीज असल्याने त्या काळच्या धनुष्याच्या ताणाबद्दल केलेला कुठलाही हिशेब अंदाजाच्या पलीकडे जात नाही.

लेखी पुरावा बराच नंतरचा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र विवेचन आहे. ते राजाच्या करमणुकीचे आहे, पोटासाठी रान तुडवणाऱ्याचे नाही. महाराष्ट्रभर विखुरलेल्या वीरगळांवर धनुर्धारी दिसतात, पण ते बहुतेक लढाईतले. शिकारी माणसाचे धनुष्य दगडावर फारसे कोरले गेले नाही.

उघड्या माळावर धनुष्याचे फारसे चालतही नसे. काळवीट लांबूनच माणूस हेरते आणि तिराच्या टप्प्यात येण्याआधी निघून जाते. म्हणून माळावरची शिकार पारध्यांनी फाशांनी केली. फासेपारध्यांचे नावच त्यावरून पडले. चित्तेवाले पारधी पाळीव चित्ता काळविटावर सोडत. धनुष्याला आडोसा लागतो, दबा धरायला जागा लागते. ती सह्याद्रीत आणि त्याहून जास्त सातपुड्यात होती.

सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा हे महाराष्ट्रातल्या शिकारी धनुष्याचे सर्वांत टिकाऊ रूप. काठी बांबूची आणि दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची. बिघडले तर रानातच नवे करता येते. तिरांत मात्र बारकाई होती. मोठ्या जनावरासाठी रुंद पात्याचा लोखंडी फाळ, पक्ष्यासाठी बोथट टोकाचा तीर, माशासाठी काटेरी टोकाचा. आजचा शिकारी ताण आधी ठरवतो आणि तीर नंतर निवडतो. भिल्लाकडे कामठा एकच असे आणि शिकार बदलली की तीर बदले. ताणाची उणीव तो जनावराच्या जवळ जाऊन भरून काढी. हे कौशल्य कुठल्याही यंत्राने माणसाला दिलेले नाही.

मोगल आणि दक्षिणी सुलतानांच्या फौजांत वेगळी कमान होती. आतून शिंग, मध्ये लाकूड, बाहेरून स्नायूंचे तंतू, आणि सगळे सरसाने जोडलेले. दोरी उतरवली की कमान उलटी वळे. आखूड असूनही तिचा ताण मोठा, त्यामुळे घोड्यावरून चालवता येई. पण पावसाळ्याची दमट हवा सरसाला मानवत नाही. हिंदुस्थानात पोलादी कमानी बनल्या, त्याचे एक कारण हेच. युद्धातला तिचा काळही सरत आला होता. १६६० मध्ये शाहिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने किल्ला लढवला आणि अखेर बुरूज उडाला तो सुरुंगाने.

इंग्रजी अमलात १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आले. शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागू लागला आणि वन कायद्याने राखीव रानात शिकारीवर निर्बंध आले. साहेब आणि संस्थानिक रायफल घेऊन शिकारीला जात राहिले. परवाना न मिळणाऱ्याच्या हाती धनुष्य उरले आणि ज्या रानात ते चालवायचे तेच बंद झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायदा आला आणि पुढे १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा. या दुसऱ्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत बंदूक, सापळा आणि विष यांच्याबरोबर धनुष्यबाणाचेही नाव आहे. सुरुवातीला परवाना घेऊन काही शिकार करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली.

इथे शिकार कायद्याने आवळली जात होती, त्याच सुमारास अमेरिकेत शिकाऱ्यांसाठीच नवे धनुष्य जन्माला आले, ते म्हणजे कंपाउंड. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन याने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्यापासून सरकलेल्या आसाची चाके बसवली. ओढताना ताण आधी चढतो, मग चाक फिरले की एकदम उतरतो. या उताराला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. ६० पौंडांच्या, म्हणजे साधारण २७ किलोच्या धनुष्यात ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढीला हातावर १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच, उरतात. जनावर अंग वळवीपर्यंत दोरी ताणून थांबता न येणे हीच शिकाऱ्याची मूळ अडचण होती आणि ॲलनने ती सोडवली. या धनुष्याची चाके, म्हणजे कॅम, आणि हातात धरायचा मधला भाग, म्हणजे रायझर, बहुधा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर कोरतात. मिलिंग, बेअरिंगचे बसवणे, ॲनोडायझिंग हे सारे भोसरीच्या टूलरूममधल्या माणसाला नवखे वाटणार नाही.

जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे तिथे निवडीचे ठोकताळे आता बसले आहेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी किमान ताण ४० पौंडांच्या आसपास ठरवलेला आहे. एल्कसारख्या थोराड जनावराला ५० ते ६० पौंड धरतात. ७० पौंडांचे धनुष्य सर्रास विकले जाते, पण ते बहुतेकांना गरजेपेक्षा जड असते. खरी परीक्षा साधी आहे: खुर्चीवर बसून, धनुष्य समोर सरळ धरून, ते आभाळाकडे न उचलता दोरी सावकाश ओढता आली पाहिजे. उचलावे लागले तर ताण झेपत नाही, आणि रानात ती हालचाल जनावराला दिसते. ओढीची लांबीही आधी ठरवावी लागते, कारण कामठा हवा तितका ओढता येतो, पण कंपाउंड कॅमच्या थांब्यापाशी अडते. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. १७५ सेंटिमीटर भरले तर ७० सेंटिमीटर, म्हणजे साडेसत्तावीस इंच. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या मुळाशी असलेले बोल्ट दोन्हीकडे सारखे सैल केले की ताण बहुधा दहा पौंडांपर्यंत खाली येतो, म्हणून नवख्याने हलक्यावर सुरू करून चढत जाणे शहाणपणाचे. तीर न लावता दोरी सोडणे मात्र कधीच चालत नाही. सगळी ऊर्जा पात्यांत परत जाते आणि धनुष्य तडकू शकते.

महाराष्ट्रात कंपाउंड आले ते मैदानावर. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत त्याचा ताण ६० पौंडांच्या वर जाऊ शकत नाही. लक्ष्य ५० मीटरवर आणि त्याचा कागद ८० सेंटिमीटरचा. कागदाला खोल जखम करायची नसते, त्यामुळे इथे ताणापेक्षा प्रत्येक सोड हुबेहूब सारखी येणे महत्त्वाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. पुढच्या काही आठवड्यांत हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली.

परदेशी शिकारीसाठी बनवलेले ७० पौंडांचे धनुष्य इथल्या स्पर्धेत ६० च्या आत उतरवल्याशिवाय चालत नाही आणि रानात ते वन्यप्राण्यावर रोखले तर गुन्हा होतो. महाराष्ट्रात कंपाउंडचा ताण निवडताना खेळाडूचा खांदा आणि स्पर्धेचा नियम एवढेच पाहायचे असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला प्रथमच जागा मिळाली आहे.